घरच्या चार कोरच्या पीसीसाठी मदरबोर्ड : तीन कोटेशनं आलीत, कुठलं धरू?

कळंबा_रोड
नमस्कार मंडळी. घरी एक पीसी जोडायचा आहे. काम म्हणजे अकरावीतल्या मुलाचा अभ्यास, थोडं पायथन, दुकानाचं बिलिंग आणि जीएसटी, बाकी यूट्यूब. गेम नाहीत. मॉनिटर सोडून बजेट ३०,०००, त्याच्या आत बसलं तर सोन्याहून पिवळं.

घरात असलेलं सामान : १९ इंची मॉनिटर (फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीचा डिस्प्ले पोर्ट), डीडीआर४ २६६६ ची ८ जीबीची रॅमची एक स्टिक, १ टीबीची साटा हार्ड डिस्क (तिच्यात विंडोज ७ आहे), मायक्रो एटीएक्स कॅबिनेट आणि त्यातच आलेला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा).

कोल्हापुरात राजारामपुरी आणि शाहूपुरीतल्या तीन दुकानांतून आलेली कोटेशनं :
१) आय३-१२१००एफ + एच६१० बोर्ड
२) रायझन ३ ३२००जी + ए५२० बोर्ड
३) आय७-३७७० (रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला) + 'नवीन' एच६१ बोर्ड

तिसरं सगळ्यात स्वस्त आहे आणि 'आय७ आहे, आय३ कशाला घेताय' असं दुकानदार म्हणतो. काय करू?

उद्यमनगर_फिटर
ताई, तिन्हीत एकेक खोट आहे. क्रमानं घेऊ.

पहिलं कोटेशन चांगलं आहे, फक्त शेवटचं अक्षर चुकलंय. 'एफ' म्हणजे त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. बोर्डावर व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही पोर्ट दिसतील, पण मॉनिटर लावला तर अंधार. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तरच एफ. तुम्हाला साधा आय३-१२१०० हवा : ४ कोर, ८ थ्रेड, आत यूएचडी ७३० ग्राफिक्स, सोबत कंपनीचा पंखा. थोडे पैसे जास्त जातात, पण कार्डाचा सगळा खर्च वाचतो.

दुसऱ्यात जोडीच जुळत नाही. एएमडीच्या तक्त्यात ए५२० आणि बी५५० या दोन्ही चिपसेटना (बोर्डावरची मुख्य चिप, बोर्डाचं नाव तिच्यावरूनच) ३२००जी आणि ३४००जी चालत नाहीत. सॉकेट एकच, एएम४, त्यामुळे प्रोसेसर बसतो मात्र बिनबोभाट! ३२००जी हा नावानं ३००० सिरीजचा असला तरी आतून आधीच्या पिढीचा (झेन प्लस) आहे. एखाद्या ए५२० मॉडेलच्या स्वतःच्या सपोर्ट यादीत ३२००जी लिहिलेला सापडला तर गोष्ट वेगळी. नाहीतर त्याला बी४५० किंवा ए३२० बोर्ड लागतो.

तिसऱ्याबद्दल कोणीतरी सविस्तर लिहा, मी लिहिलं तर शिव्या येतील.

बिंदू_चौक
मीच लिहितो. आय७-३७७० हा २०१२ चा प्रोसेसर. त्या काळी राजा होता, नाकारत नाही. पण प्रश्न बोर्डाचा आहे.

एच६१ चिपसेट २०११ चा. त्यात मुळात यूएसबी ३ नाही, साटा फक्त ३ गिगाबिटची, म्हणजे साधा साटा एसएसडीसुद्धा अर्ध्या वेगानं चालणार. रॅम डीडीआर३, म्हणजे घरातली डीडीआर४ स्टिक कपाटातच. आणि 'नवीन' म्हणजे काय तेही समजून घ्या : इंटेलनं तो चिपसेट बनवणं कधीच बंद केलंय. जुन्या बोर्डांवरून काढलेली चिप नव्या सर्किटच्या पट्टीवर बसवून हे बोर्ड येतात. बायोसचं (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट कुठून घ्यायचं, पत्ता नाही.

सगळ्यात मोठं म्हणजे विंडोज ११. इंटेलमध्ये अधिकृत यादी ८व्या पिढीपासून सुरू होते, टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. ३७७० ही ३री पिढी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवर जीएसटीचा पासवर्ड टाकायचा ते मशीन असं उघडं ठेवू नका.

शाहूपुरी_४थी_गल्ली
जुन्याला इतकं झोडपू नका राव. फक्त टायपिंग आणि ब्राउझर असेल, लिनक्स टाकायची तयारी असेल तर चौथ्या पिढीचा आय५-४५९० आणि एच८१ बोर्ड अजून रडत नाही. एच८१ ला दोन यूएसबी ३ आणि दोन ६ गिगाबिटचे साटा पोर्ट आहेत, एच६१ पेक्षा ते कितीतरी बरं. मात्र ब्रँडेड ऑफिस पीसीचा मूळ बोर्ड बघून घ्या, आणि अशा पीसीचा एसएमपीएसचा पिन बऱ्याचदा वेगळा असतो, त्यामुळे बोर्ड सुटा न घेता पूर्ण डबाच उचला.

पण ताईंना बिलिंग आणि जीएसटी करायचंय आणि डीडीआर४ हाताशी आहे, म्हणून इथे माझंही मत आय३-१२१०० लाच.

कळंबा_रोड
एफचं ऐकून डोकं गरगरलं. बरं झालं विचारलं. मग आय३-१२१०० पक्का. दुकानदार १३१०० किंवा १४१०० घ्या म्हणतो, 'नवीन पिढी' म्हणून. आणि एच६१० मध्येसुद्धा दहा प्रकार दाखवले. बॉक्सवर नेमकं काय वाचायचं?

उद्यमनगर_फिटर
१२१००, १३१००, १४१०० : तिन्ही ४ कोर ८ थ्रेड, १२ एमबी कॅश. फरक मुख्यतः वरच्या वेगात, ४.३, ४.५ आणि ४.७ गिगाहर्ट्झ. बिलिंगला तो जाणवणार नाही. शिवाय १३व्या आणि १४व्या पिढीला ६०० सिरीजच्या (एच६१०, बी६६० वगैरे) बोर्डावर नवा बायोस लागतो. बोर्ड गोदामात दोन वर्षं पडलेला असेल तर जोडल्यावर डिस्प्लेच येत नाही आणि माणूस बोर्डाला दोष देतो. १२१०० ला ती भानगड नाही, एच६१० त्याच्यासोबतच आला, २०२२ च्या सुरुवातीला. त्याच किमतीत मिळत असेल आणि दुकानदार बायोस टाकून देत असेल तरच १४१००.

आता बोर्ड. मागची बाजू आधी, चिपसेट नंतर.

रॅम. एलजीए१७०० चे (या तिन्ही प्रोसेसरांचं सॉकेट) बोर्ड डीडीआर४ चे वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे. दोन्हींना २८८ पिन, पण खाच वेगळ्या जागी, एकमेकांत बसत नाहीत. नावात शोधा : असुस शेवटी 'डी४' लिहितं, गिगाबाइट आणि एमएसआय 'डीडीआर४' असं पूर्ण लिहितात. असुसच्या नावात डी४ नसेल तर बोर्ड डीडीआर५ चा समजा आणि खाली ठेवा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, तेव्हा हातातली स्टिक सोडू नका.

मॉनिटर. व्हीजीए बोर्डावरच घ्या. उदाहरणार्थ असुस प्राइम एच६१०एम-के डी४ ला एचडीएमआय आणि व्हीजीए आहे, एच६१०एम-ई डी४ ला त्याशिवाय डिस्प्लेपोर्टही. पुढे मॉनिटर बदलला तर एचडीएमआय आहेच.

एम.२, म्हणजे एसएसडीचा बोर्डावरचा स्लॉट. विंडोज त्यात बसणाऱ्या एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान) एसएसडीवर टाकायची, हार्ड डिस्क फक्त साठवणीला. एच६१० वर एम.२ चिपसेटकडून येतो, पीसीआयई ३.० एक्स४ (जेन३, चार लेन). प्रोसेसरकडे थेट ४.० चा रस्ता असतो, पण एच६१० तो उघडत नाही. म्हणून महागडा जेन४ एसएसडी इथे जेन३ च्याच वेगानं पळणार, त्याचे पैसे वाचवा.

रॅमचे दोनच स्लॉट. एच६१० ची ती मर्यादाच आहे. दोन चॅनलला एकेक, त्यामुळे दोन स्टिक लावल्या की ड्युअल चॅनल मिळतो. आत्ता ८ ची एक आहे, तेवढीच दुसरी घ्या. ३२०० ची मिळाली तरी चालेल, दोन्ही २६६६ वर धावतील.

रंकाळा_चौपाटी
यात एक भर. बी६६० किंवा बी७६० गळ्यात मारायला बघतील. त्यात रॅम ओव्हरक्लॉक, जास्त एम.२, बऱ्याच बोर्डांवर चार रॅम स्लॉट मिळतात. आय३ ला यातलं फारसं काही लागत नाही. १२१०० ची बेस पॉवर ६० वॅट, टर्बोमध्ये ८९. एच६१० चे साधे फेज (प्रोसेसरला वीज देणारे भाग) एवढं सहज पेलतात, त्यावर हीटसिंक नसला तरी घाबरायचं कारण नाही. पुढे कधी आय५-१२४०० टाकावासा वाटला तर तोही याच बोर्डावर चालेल.

बी६६० घ्यायचं एकच कारण : दोन एनव्हीएमई हवेत. नाहीतर तोच पैसा एसएसडी २५६ ऐवजी ५१२ घेण्यात घाला.

गुजरी_कट्टा
बिलिंग म्हणालात म्हणून विचारतो, वजनकाटा किंवा जुना डॉट मॅट्रिक्स जोडायचाय का? काटा ९ पिनच्या सिरीयल केबलचा असेल तर बोर्डावर 'कॉम' हेडर (सिरीयल पोर्टसाठीच्या पिना) आहे का बघा. स्वस्तातल्या एच६१० वर सुद्धा अनेकदा तो असतो, फक्त मागे पोर्ट दिसत नाही. दोन बोटांएवढी पट्टी येते, एका बाजूला केबल, दुसऱ्या बाजूला ९ पिनचा पोर्ट. यूएसबी-टू-सिरीयल वायरीनं काम होतं, पण पोर्ट बदलला की कॉम नंबर बदलतो आणि बिलिंग सॉफ्टवेअर काटा शोधत बसतं. हेडरचा नंबर कायम राहतो.

कळंबा_रोड
काटा नाही, किराणाचं नव्हे, कापडाचं दुकान आहे. प्रिंटर यूएसबीचा.
दहाव्या पिढीचा आय३-१०१०५ आणि एच५१० असंही एकानं सुचवलं, थोडं स्वस्त. ते कसं?

बिंदू_चौक
चालतं, पण एक सापळा आहे. ५०० सिरीजच्या बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसरला जोडलेला एम.२ स्लॉट फक्त ११व्या पिढीवर जिवंत होतो. आणि ११व्या पिढीत डेस्कटॉपचा नवा आय३ आलाच नाही. आय३-१०१०५ हा १०व्या पिढीचाच. म्हणजे ज्याचं बजेट आय३ चं, त्याच्याच नशिबी मेलेला स्लॉट! एसएसडी बायोसमध्ये दिसत नाही, लोक एसएसडी बदलून आणतात, तरी दिसत नाही. मॅन्युअलमध्ये एम.२ च्या ओळीखाली बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. फरक दोन-तीन हजारांचा असेल तर १२१०० च.

उद्यमनगर_फिटर
आता एसएमपीएस. बोर्ड मरण्याचं कारण पुष्कळदा बोर्डात नसतं, तिथे असतं.

कॅबिनेटसोबत आलेल्या डब्यावर '४५० वॅट' मोठ्ठं छापलेलं असतं. ते सोडा, बाजूच्या तक्त्यात +१२व्ही समोर किती अँपिअर आहे ते वाचा. १५ अँपिअर असेल तर १८० वॅट, ग्राफिक्स कार्डाशिवाय तुमचं मशीन त्यात आरामात बसतं. तो आकडाच छापलेला नसेल, तर डबा बदला. ८० प्लस ब्राँझचा ४०० ते ४५० वॅटचा नावाजलेला घ्या.

जुन्या डब्याला प्रोसेसरची वायर ४ पिनची असेल आणि बोर्डाला ८ पिनचं भोक असेल, तर घाबरू नका. आय३ ला ४ पिन पुरतात. पिनांचे आकार चौकोनी-गोलसर वेगवेगळे असतात, ज्या अर्ध्यात आपोआप जाते तिथेच बसवा, जोर लावू नका. मात्र ती वायर लावायला विसरलात तर पंखा फिरतो, दिवा लागतो आणि डिस्प्ले येत नाही.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ना, त्याचं कारण एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले फिल्टर कपॅसिटर. अर्थिंग तुटलेलं असेल तर सगळी बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगते. टेस्टर लावला तर पेटतो. करंट अगदी थोडा, माणसाला फार काही होत नाही, पण मशीन चालू असताना एचडीएमआय केबल टीव्हीला खोचली की तो करंट पोर्टातून वाट काढतो आणि पोर्ट जातो. पोर्ट बोर्डालाच सोल्डर केलेला, म्हणजे बोर्ड गेला. वायरमनकडून भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, बोर्ड आणण्याआधी. दोन पिनचा अडॅप्टर लावून तीन पिनची वायर वापरू नका.

रंकाळा_चौपाटी
आणि वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढायचा आणि राउटरकडून येणारी लॅनची वायरही मागून काढायची. लॅन पोर्टवाटे गेलेला बोर्ड 'बर्न' म्हणून वॉरंटीत नाकारतात. बिलावर बोर्डाचा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि सर्व्हिसला बोर्ड कोल्हापुरात जमा होतो की बाहेरगावी पाठवावा लागतो, हे दुकानातच विचारा.

कळंबा_रोड
घेतलं! आय३-१२१००, असुस एच६१०एम-के डी४, ८ जीबीची आणखी एक स्टिक, ५१२ चा एनव्हीएमई, ४५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस. बजेटच्या आत. मुलगा म्हणतो घरीच जोडूया. काय काय बिघडू शकतं?

उद्यमनगर_फिटर
जोडू दे की! फक्त घाई नको. कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून जोडा. पिशवीवर नको.

सॉकेट : पिना बोर्डावर आहेत, केसाएवढ्या. वरचं काळं प्लास्टिक बोटानं उचकटू नका. प्रोसेसर त्रिकोणावर त्रिकोण ठेवून बसवा, पत्रा खाली घ्या, दांडी दाबा, प्लास्टिक आपोआप उडून येतं. दांडीला जोर लागतो, करकर आवाजही येतो, ते बरोबर आहे. ते प्लास्टिक फेकू नका, वॉरंटीला बोर्ड पाठवताना सॉकेटवर लागतं.

पंखा : चार पाय. समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन, 'टक्' होईपर्यंत. मग बोर्ड उचलून मागून बघा, चारही पाय पूर्ण बाहेर आलेले दिसले पाहिजेत. एक जरी अर्धवट राहिला तर प्रोसेसर काही सेकंदांत तापतो आणि मशीन मुंगीच्या चालीनं चालतं. जुन्या पीसीचा पंखा बसवू नका. आधीच्या इंटेल सॉकेटच्या भोकांत ७५ मिलिमीटर अंतर होतं, एलजीए१७०० ला ७८ आहे.

रॅम : आत्ताच बसवा, कॅबिनेटमध्ये गेल्यावर नको. हे स्वस्त बोर्ड अरुंद असतात, उजव्या कडेखाली स्क्रूचा आधार नसतो. आत घालून रॅम किंवा २४ पिनची वायर दाबली की ती कड वाकते, रॅम बसल्यासारखी वाटते पण बसलेली नसते. दाबताना कडेखाली दोन बोटं धरा.

स्टँडऑफ : कॅबिनेटमधले पितळी खांब मोजा. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच खांब हवा. जुन्या मोठ्या बोर्डासाठी लावलेला एखादा खांब तसाच राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो.

समोरच्या बटणाच्या वायरी : नेहमीच्या ९ पिनच्या हेडरवर ६ आणि ८ पॉवर बटण, ५ आणि ७ रीसेट, २ आणि ४ पॉवरचा दिवा, १ आणि ३ हार्ड डिस्कचा दिवा. बटणाला उलटसुलट चालतं, दिव्याला नाही. मॅन्युअलमधलं चित्र मात्र एकदा ताडून बघा.

बिंदू_चौक
विंडोज टाकताना १ टीबीच्या हार्ड डिस्कची वायर काढून ठेवा. नाहीतर बूटचा भाग कधी कधी तिच्यावर जाऊन बसतो आणि पुढे ती डिस्क काढली की विंडोज सुरूच होत नाही. त्या डिस्कवरचं विंडोज ७ या बोर्डावर बूट होणार नाही, इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवर ५०० सिरीजपासून लेगसी बूट (जुन्या पद्धतीनं सुरू होणं) बंद आहे. फाइली मात्र नंतर जोडल्यावर नीट दिसतील. लॅनचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, इन्स्टॉलरला तो कधी कधी सापडत नाही.

कळंबा_रोड
जोडलं. पंखा फिरतोय, बोर्डावर दिवा आहे, मॉनिटर 'नो सिग्नल'. प्रोसेसरची वायर लावलीय, बघितली. व्हीजीए बोर्डालाच आहे. दोन्ही रॅम लावल्यात, बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवून झाल्यावर. हो, माहितीये, आधी सांगितलं होतं.

उद्यमनगर_फिटर
प्लग काढा, बटण दाबून उरलेला करंट संपवा. दोन्ही स्टिक काढा. नवी एकच घ्या, कडेखाली बोटं धरून बसवा, स्लॉटची खिट्टी स्वतःहून मिटली पाहिजे. मग चालू करून पूर्ण एक मिनिट थांबा, नवा बोर्ड पहिल्यांदा रॅम ओळखायला वेळ घेतो, मध्येच बंद करू नका. नाही आला तर तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. त्यानंतरच जुनी स्टिक लावून बघा.

कळंबा_रोड
नवी एकटी लावली, चाळीसेक सेकंदांनी असुसचा लोगो आला. मग दुसरी तशीच बोटं धरून दाबली, या वेळी 'टक्' झालं. बायोस १६ जीबी, २६६६ दाखवतोय, प्रोसेसर ३४ अंशांवर. हार्ड डिस्कची वायर काढून ठेवलीय, विंडोज सुरू करतेय.

शाहूपुरी_४थी_गल्ली
नाद खुळा! पोराला सांगा, साइड पॅनल लगेच आवळू नको. हार्ड डिस्क अजून लावायचीय.